जुलैपासून आखायची बाग: गोव्यातल्या अंगणात बारा महिने रंग

डिसेंबरात नर्सरीत पाऊल टाकले की माणसाचा तोल जातो. शेवंती, झेंडू, पेट्युनिया, लालभडक पॉइन्सेटिया, सगळे ऐन भरात असते. हातात मावतील तितक्या पिशव्या घेऊन आपण घरी येतो आणि फेब्रुवारीपर्यंत अंगण झकास दिसते. पुढे मार्च-एप्रिलात अर्धी रोपे वाळतात. जुलै उजाडतो तेव्हा उरतो चिखल, शेवाळलेल्या कुंड्या आणि एखादी केविलवाणी जास्वंद. गोव्यातल्या बऱ्याच बागांची हीच कथा आहे. नर्सरीत त्या दिवशी जे फुललेले होते तेवढेच घरी आले, एवढेच त्यामागचे कारण.

म्हणून बाग उलट्या टोकाने आखावी. सर्वांत अवघड महिना आधी, सोपे महिने नंतर. आपल्याकडे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरी तालुक्याच्या घाटपायथ्याला त्याहूनही जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैतल्या झोडपत्या पावसात नाजूक पाकळी टिकत नाही. त्या महिन्यात बाग देखणी दिसत असेल, तर उरलेले अकरा महिने सांभाळणे फारसे कठीण जात नाही. बर्फ आणि पानगळ मोजणाऱ्या परदेशी बागकामाच्या व्हिडिओंचा इथे काहीही उपयोग नाही. आपले ऋतू तीनच: पाऊस, नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सुखद हवा आणि मग मेपर्यंतचा उकाडा.

आधी कागद, मग कुदळ

एका कागदावर बारा महिन्यांचे बारा रकाने आखा. अंगणात आज जे आहे ते कोणत्या महिन्यात फुलते ते लिहा. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या परसात काय केव्हा फुलते तेही लिहा, कारण तुमच्या वाड्यावर काय तगते हे तेच सांगू शकतात. बहुधा डिसेंबर-जानेवारीचे रकाने गच्च भरतील आणि जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर रिकामे राहतील. खरेदीची यादी या रिकाम्या रकान्यांतून निघते.

दुसरी नोंद उन्हाची. गोवा साधारण १५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरात मात्र तो भर दुपारीही दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून जेमतेम ५१ अंशांवर असतो. याचा अर्थ असा की घराच्या उत्तरेच्या भिंतीलगतचा वाफा पावसाळ्यात ढगांआडून का होईना उजेड खातो, आणि हिवाळ्यात पूर्ण सावलीत जातो. तिथे झेंडू-शेवंती लावून उपयोग नाही. हिवाळी फुले दक्षिणेला किंवा मोकळ्यावर. उत्तरेची जागा पानांच्या झाडांना द्या.

तिसरी गोष्ट पागोळ्यांची. कौलारू घराच्या पागोळ्या जिथे पडतात तिथली माती एका पावसात खणली जाते, आणि उडालेला लाल चिखल पानांवर बसून बुरशीला निमंत्रण देतो. वाफा त्या रेषेपासून दोन-अडीच फूट बाहेर घ्या. मधल्या पट्टीत खडी किंवा चिऱ्यांचे तुकडे पसरा.

जांभ्याशी जुळवून घेणे

आपली माती म्हणजे बहुतेक ठिकाणी जांभ्याची: लाल, आंबट आणि वरचा थर पातळ. दीड फूट खणले की कुदळ खणकन वाजते. इथे एक मोठी अडचण असते, ती उन्हाळ्यात दिसत नाही. कातळासारख्या जांभ्यात खोदलेला खड्डा जूनमध्ये बादलीसारखा भरतो आणि पाण्याला बाहेर जायला वाट नसते. वरून हिरवेगार दिसणारे रोप खालून कुजत असते. दोन उपाय आहेत. उताराच्या बाजूला खड्ड्याची कड फोडून पाण्याला वाट काढून द्यायची, नाहीतर खोदायचेच नाही, चिऱ्यांची एक ओळ रचून फूटभर उंच वाफा करायचा. फुलझाडांसाठी मला दुसरा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. चिरे आपल्याकडे सहज मिळतात आणि जुन्या घराला शोभतात.

मोठ्या झुडपांसाठी दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा मेमध्येच खणून दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्यावा. तळाशी नारळाची सोडणे (वरची काथ्याची साले) पसरावीत, ती पाणी धरून ठेवतात. वर निघालेली माती आणि चांगले कुजलेले शेणखत, दोनास एक. वाळवी असलेल्या जागी मूठभर निंबोळी पेंड.

चुना घालायची घाई नको. पिटकोळी (इक्सोरा), अनंत, अबोली यांना आपली आंबट माती मानवते. उलट नव्या गिलाव्याच्या किंवा चुना फासलेल्या भिंतीलगत पिटकोळी लावली की पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक त्यावर खत ओततात. पण तिथे खताचा प्रश्नच नसतो. भिंतीतून उतरणारा चुना मातीचा आंबटपणा मारतो आणि मुळांना लोह घेता येत नाही. झाड तीन फूट पुढे सरकवणे हाच इलाज. मातीची नीट तपासणी करून हवी असेल तर तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करा. जुन्या गोव्यातल्या एला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थाही आहे.

पावसाचे महिने: रंग पानांचा

जुलैत फुलांवर भिस्त ठेवू नये, पानांवर ठेवावी. हा सगळ्या आखणीचा कणा आहे, म्हणून इथे थोडे सविस्तर.

क्रोटन आपल्याकडे इतके सर्रास आहे की त्याची किंमत राहिली नाही. पावसाने धुतलेले पिवळे-तांबडे क्रोटन ढगाळ दिवसात जे उठून दिसते, ते कोणत्याही फुलाला जमत नाही. अट एकच, त्याला ऊन हवे. सावलीत ठेवले की ते हळूहळू नुसते हिरवे होते. अर्धवट सावलीत तांबड्या-गुलाबी पानांची कॉर्डिलाइन चालते. कुंपणाला तांबूस पानांची अ‍ॅकॅलिफा लावली तर छाटणी करत राहायची तयारी हवी, वर्षात ती माणसाच्या डोक्यावर जाते.

सावलीसाठी कॅलेडियम. याचे कंद जूनच्या पहिल्या सरींबरोबर वर येतात. पांढरी, गुलाबी, लाल ठिपक्यांची पाने ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत टिकतात, मग झाड झोपी जाते. ते मेले असे समजून कुंडी रिकामी करू नका. पाणी थांबवा, कुंडी कोरड्या जागी ठेवा, पुढच्या जूनमध्ये कंद पुन्हा उठेल. हळदही याच हिशेबात लावा. पाने देखणी असतात आणि पातोळ्यांसाठी शेजारी मागायला जावे लागत नाही.

पावसाला न भिणारी फुलेही आहेत. हेलिकोनियाचे लाल-पिवळे तुरे मेणासारखे जाड असल्याने आठवडेच्या आठवडे टिकतात. न्हाणीच्या किंवा विहिरीच्या ओलाव्याला सोनटक्का लावा, ऑगस्टपासून संध्याकाळी त्याचा वास ओसरीपर्यंत येतो. कर्दळ कुठेही येते. पेव, म्हणजे लाल बोंडातून पांढरे कागदी फूल काढणारी आपली रानटी वनस्पती, सावलीच्या कोपऱ्यात उत्तम. पिटकोळीला पावसात उलट जोर येतो. वेलींत निळे गोकर्ण आणि मधुमालती.

तेरड्याचे बी जूनच्या सुरुवातीला फेकून द्यायचे, बाकी तो पाहून घेतो. जुलैअखेरीपासून फुलतो, चतुर्थीपर्यंत भरात असतो, आणि बोंडे फुटून पुढच्या वर्षीचे बी स्वतःच पेरून जातो. कळलावीची लाल-पिवळी ज्वाळेसारखी फुलेही याच दिवसांतली. पण तिचा कंद आणि सगळेच अंग जहाल विषारी असते. घरात लहान मुले किंवा गुरे असतील तर तिच्या वाटेला जाऊ नये.

चतुर्थीचा विषय निघालाच आहे तर माटोळीचे, म्हणजे गणपतीवर रानफळे-फुले टांगून सजवतात त्या चौकटीचे, बोलू. कांगलां, कवंडळ, घागऱ्यो यांसाठी दरवर्षी रानात किंवा बाजारात जावे लागते, आणि रान मागे मागे सरकते आहे. कुंपणाच्या मागच्या बाजूला कवंडळाचा एखादा वेल चढवला तर त्याची लालबुंद फळे बागेलाही रंग देतात. टांगण्यापुरतीच हं, खाण्यासाठी नाहीत. घागरीचे बी कडेच्या हलक्या मातीत टाकले तरी येते.

लागवडीची वेळ सांभाळा. पाऊस नीट स्थिरावला की, म्हणजे साधारण जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, झुडपे लावून मोकळे व्हावे. ते चुकले तर भर जुलैत हात न घालता सप्टेंबरपर्यंत थांबावे. मुसळधार पावसात कोवळी मुळे धरत नाहीत.

एकाच वाफ्यात तीन पाळ्या

जागा थोडी असेल तर हे तंत्र सर्वांत कामाचे. दाराजवळचा एक वाफा, समजा आठ फूट बाय तीन फूट, कायमच्या झाडांनी भरू नका. पावसाळ्यात त्यात तेरडा. सप्टेंबरअखेर तो उपटून शेणखत मिसळा आणि ऑक्टोबरच्या मध्याला हिवाळी रोपे लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती थकली की चिनी गुलाबाच्या (पोर्चुलाकाच्या) फांद्या खोचा, त्या मेपर्यंत रणरणत्या उन्हात फुलत राहतात. मागे मात्र पिटकोळीची किंवा क्रोटनची कायमची रांग हवी, म्हणजे पाळी बदलताना दोन-तीन आठवडे वाफा उघडा पडला तरी जागा ओकी दिसत नाही.

हिवाळी रोपांचे बी चतुर्थी आटोपली की पेरायचे. पावसाची सर अजून येत असते, म्हणून ट्रे पडवीत उजेडाच्या जागी ठेवा. झिनिया, कॉसमॉस, कोंबडा, बटन फूल, साल्व्हिया हे आपल्या हवेत हमखास येतात. आपला हिवाळा नावापुरताच असतो, किनारपट्टीवर पहाटेचे तापमान २० अंशांच्या आसपास रेंगाळते. पॅन्सी, स्वीट पी यांसारखी थंडीची फुले पाकिटावर कितीही सुंदर दिसली तरी त्यांच्यावर पैसे घालवू नयेत.

झेंडूला बी पेरल्यापासून फुलायला साधारण दोन महिने लागतात. दिवाळीला फुले हवीत तर त्या हिशेबाने ऑगस्टमध्ये, छपराखाली, पेरणी. रोप वीतभर झाले की शेंडा खुडा, फांद्या वाढतात आणि फुले दुप्पट येतात.

शेवंती आणि पॉइन्सेटिया या दोघांना रात्र लांबत चालल्याची जाणीव झाल्याशिवाय ती फुलत नाहीत. ऑक्टोबरपासून रोज अखंड काळोख मिळाला की कळ्या धरतात, पॉइन्सेटियाची वरची पाने लाल होऊ लागतात. बाल्कांवातला, म्हणजे दारापुढच्या ओसरीतला, दिवा किंवा रस्त्यावरचा खांब रात्रभर त्यांच्यावर प्रकाश टाकत असेल तर नाताळ आला तरी झाड हिरवेच. कुंडी मागच्या अंगणात काळोखात ठेवा आणि रंग चढला की पुढे आणा. एकदा रंगल्यावर नाताळच्या नक्षत्राच्या, म्हणजे चांदणीच्या आकाशकंदिलाच्या, उजेडात ठेवले तरी चालते.

बारमाही मंडळी

जास्वंद, पिटकोळी, अबोली, तगर, सदाफुली, पेंटास. ही सहा असली की कोणत्याही महिन्यात काहीतरी फुललेले सापडते. भर पावसात त्यांचा जोर कमीजास्त होतो, इतकेच. जास्वंदीच्या बाबतीत एक पथ्य पाळावे. घरातल्या सगळ्या जास्वंदी एकाच दिवशी छाटू नयेत. एक ऑक्टोबरात, दुसरी महिनाभराने, तिसरी फेब्रुवारीत, म्हणजे देवपूजेला खंड पडत नाही.

अबोलीवर गोव्यात वेगळे बोलावेच लागते. केसांत अबोलीची फाती नसेल तर इथे सण झाल्यासारखे वाटत नाही, तरी अंगणात अबोली कमी होत चालली आहे. तिचे दुखणे मुळाशी असते. पाणी तुंबले की ती बसते, आणि एकाच जागी वर्षानुवर्षे लावली की सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे कृमी, मुळांना गाठी आणतात. उंच वाफा करावा, दोन रोपांत फूटभर अंतर ठेवावे, सकाळचे ऊन आणि दुपारची सावली द्यावी. दोन-तीन वर्षांनी जागा बदलून जुन्या जागी एक हंगाम झेंडू घ्यावा, त्याने सूत्रकृमी कमी होतात. फुलून गेलेले तुरे देठासकट खुडत राहावे. वाळलेले तुरे ठेवले की झाड बी धरण्यात ताकद घालवते. गडद नारिंगी रंगाच्या काही जातींना बी धरत नाही, त्यांच्या फांद्या जूनमध्ये लावाव्यात.

आणखी एक, जरा आवडीनिवडीचे. मागची भिंत पाहून फूल निवडावे. उघड्या चिऱ्यांच्या लाल भिंतीपुढे नारिंगी अबोली दिसेनाशी होते, तिथे तगर किंवा निळे गोकर्ण हवे. निळ्या भिंतीच्या घरापुढे मात्र तीच अबोली पेटल्यासारखी दिसते. आणि जिथे संध्याकाळी बसायचे तिथे पांढरी फुले: अंधार पडल्यावर लाल रंग आधी बुडतो, पांढरा शेवटपर्यंत दिसतो, आणि आपल्याकडची वासाची बहुतेक फुले पांढरीच आहेत.

उकाड्याचे दिवस

बोगनवेल इथे राणी आहे, पण लाडावली की बिघडते. रोज पाणी आणि भरपूर शेणखत दिले तर हिरवी पानेच काढत बसते. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात छाटा, पाच-सहा तास थेट ऊन द्या, कुंडी लहानच ठेवा, माती वाळून पाने किंचित मलूल होईपर्यंत पाणी देऊ नका. डिसेंबरपासून मेपर्यंत ती रंगत राहते.

मोगऱ्याला मेहनत लागते, पण तिची भरपाई होते. जानेवारीच्या सुरुवातीपासून दोन-तीन आठवडे पाणी तोडा. अखेरीस झुडूप निम्म्यावर छाटा, उरलीसुरली पाने काढा, मग खत घालून पाणी सुरू करा. मार्चमध्ये पहिला बहर येतो. तो ओसरल्यावर शेंडे खुडले तर दुसरा. अनंत एप्रिलपासून फुलतो. चाफ्याला काहीच करावे लागत नाही. वळवाच्या सरींबरोबर मे महिन्यात वर येणारी फुटबॉल लिली कडेकडेने पुरून ठेवा, तिचे लाल गोळे ऐन वैराण दिवसांत जमिनीतून थेट उगवतात.

अंगण मोठे असेल तरच झाड. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळा, ताम्हण त्याच सुमारास जांभळा. सुरंगी आणि बकुळ पुढच्या पिढीसाठी लावायच्या, सुरंगीला फुलायला बरीच वर्षे लागतात. घराच्या पायापासून वीस फूट तरी दूर.

किनाऱ्यालगत, मोरजी-कळंगुटच्या बाजूला, हिशेब वेगळा आहे. खारा वारा कोवळी पाने जाळतो आणि एप्रिलनंतर काही विहिरींचे पाणी मचूळ होते. पानांच्या कडा तपकिरी पडून करपू लागल्या तर ती बहुधा या खाऱ्या पाण्याची खूण असते, अशा वेळी जादा खत देऊ नये. तिथे चाफा, बोगनवेल, सदाफुली, करवीर (कण्हेर), भेंड यांवरच भर द्यावा. करवीरही विषारी आहे, मुलांना सांगून ठेवावे.

पाणी वाचवायचा सोपा मार्ग म्हणजे आच्छादन. पोफळीच्या झावळ्या, नारळाची सोडणे, आंब्या-काजूचा पाचोळा, जे परसात पडते ते झाडाच्या बुंध्यापासून चार बोटे सोडून तीन-चार इंच पसरा. पाचोळा जाळणाऱ्याला काय म्हणावे? पुढच्या वर्षीचे खतच तो पेटवून देतो. पाणी सकाळी लवकर, एक दिवसाआड पण भरपूर. रोजचे शिंतोडे मुळांना वरच्या थरातच अडकवून ठेवतात.

फ्लॅटवाल्यांसाठी

पणजी-मडगावच्या बाल्कनीत बारा इंचांच्या सात-आठ कुंड्या पुरतात: एक बोगनवेल, दोन क्रोटन, एक पेंटास, एक मोगरा, सावलीच्या बाजूला कॅलेडियम, आणि दोन कुंड्या पाळी बदलत राहण्यासाठी रिकाम्या. मे संपताच कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाका. मुळे कुजतात हे एक कारण, त्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात हे दुसरे.

कीड

पावसात आफ्रिकन गोगलगायी एका रात्रीत झेंडूची रांग फस्त करतात. ओले गोणपाट आणि त्याखाली पपईची पाने ठेवा, पहाटे त्याखाली जमलेल्या गोळा करून मिठाच्या पाण्यात टाका. उघड्या हाताने धरू नका, त्यांच्यात माणसाला बाधणारे परजीवी असू शकतात. उन्हाळ्यात जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण येतो. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा पातळ साबण ढवळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, आठवड्याने पुन्हा. कढीपत्त्यावर आणि लिंबावर मात्र अळ्या दिसल्या तर सोडून द्या. त्यांची फुलपाखरे होऊन पेंटासवर येतात.

आता खरेदी. नर्सरीत वर्षातून तीनदा जा: जूनमध्ये, ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीत, आणि प्रत्येक वेळी कागदावरचा रिकामा रकाना बरोबर न्या. फुलांनी लदलेले रोप टाळून बुटके, दाट फांद्यांचे, कळ्या नुकत्या धरलेले घ्या. पिशवीच्या भोकातून जाड मुळे बाहेर आली असतील तर ते रोप फार दिवस पडून आहे, ते परत ठेवा. पहिल्या वर्षी पानांच्या झाडांवर निम्म्याहून जास्त पैसे घाला. ती वाढली की त्यांच्याच फांद्यांतून दुसऱ्या वर्षी कुंपण होते, आणि फुलांसाठी हात मोकळा राहतो.